जेवताना झालेलं बोलणं

‘घरोबा’ हा खेळ मोघ्यांच्या घरात आला तो सुनेच्या हट्टानं. शैलजाताईंना खेळबिळ काही नको होतं. त्यांचा दिवस नेमांनी भरलेला असायचा. सकाळी तुळशीला पाणी, मग पूजा, पोथीचा एक अध्याय, संध्याकाळी देवापुढे दिवा. दुपार तेवढी उरायची, आणि निहार गेल्यापासून ती दुपार फार लांब झाली होती.

निहार त्यांचा एकुलता मुलगा. चार वर्षांपूर्वी मेंदूज्वराचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात गेला. त्याची बायको केतकी तेव्हा तिशीची होती. तिचे माहेरचे लोक तिला न्यायला आले होते. “आईंना एकटं टाकून कुठं जाऊ,” एवढंच ती म्हणाली, आणि मिरजेतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात दोघी राहू लागल्या. केतकी कुपवाडला माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. सकाळी गेली की दिवेलागणीनंतरच परत यायची.

“दुपारभर त्या मालिका बघून तुम्ही जगातल्या सगळ्या सुनांवर संशय घ्यायला लागलाय, आई,” एक दिवस ती म्हणाली. “त्यापेक्षा हा खेळ बरा. यात सून मीच आहे.”

“म्हणजे घरात एक पुरत नव्हती होय?”

“ती दुसरी तुमचं सगळं ऐकेल बघा.”

वैशाखात कंपनीची माणसं येऊन घराचा कोपरान्‌कोपरा टिपून गेली. एक लहानसं यंत्र आठवडाभर स्वयंपाकघरातल्या फळीवर बसून दोघींचं बोलणं ऐकत राहिलं. केतकीनं आपला आवाज, आपली चाल, आपलं हसणं वापरायची रीतसर परवानगी दिली. जिवंत माणूस खेळात आणायचा तर त्याची परवानगी लागे. गेलेल्या माणसाला आणायला कायद्यानंच बंदी होती. शैलजाताईंना ती बंदी बरी वाटली.

खेळ साधाच होता. कपाळाला एक पातळ पट्टी लावायची, डोळ्यांवर चष्मा चढवायचा, की आपण आपल्याच घरात. तिथं रोज काहीतरी छोटी अडचण उभी राहायची. कुणी रुसलेलं असायचं, कधी न सांगता पाहुणे यायचे, कधी शेजारणीशी वाजलेलं असायचं. ते निभावून नेलं की घरात नसलेलं एखादं दार उघडायचं. एकदा त्या दारापलीकडे शैलजाताईंच्या माहेरची विहीर निघाली होती. त्या दिवशी त्यांनी केतकीला दोनदा चहा करून दिला.

हे सगळं इतकं खरं वाटायचं त्याचं कारण त्या पट्टीत होतं. आपण काय केलं आणि काय नुसतं मनात आणलं, हे माणसाला कळतं कसं? मेंदू आठवण ठेवताना ती कुठून आली याची एक खूणही सोबत ठेवतो. हे पाहिलेलं, हे ऐकलेलं, हे नुसतं कल्पिलेलं. कपाळामागचा एक भाग हे काम करतो. दाराला कुलूप घातलं, की घालायचं असं फक्त मनात म्हटलं, अशी शंका वाटेत येते तेव्हा ती खूण पुसट लागलेली असते. स्वप्नात हा भाग जवळजवळ निजलेला असतो, म्हणून स्वप्न चालू असेपर्यंत खरं वाटतं. पण तेव्हा आठवणी साठवण्याचं कामही मंदावलेलं असतं, म्हणून जाग आली की स्वप्न विरून जातं. घरोबाच्या पट्टीनं स्वप्नातली अर्धीच गोष्ट उचलली होती. अतिशय सौम्य विजेनं ती खूण करणारा भाग मंद करायची. साठवणाऱ्या भागाला हात लावायची नाही. त्यामुळे खेळ खराही वाटे आणि लक्षातही राही.

यातला धोका कंपनीला ठाऊक होता. म्हणून खेळ संपला की ‘उतारा’ असे. झालेल्या प्रसंगांची राखाडी चित्रं काही मिनिटं डोळ्यांपुढून जात आणि तेवढ्यात पट्टी मेंदूकडून राहिलेली खूण करून घेई, की हे खेळातलं. उतारा पुरा झाल्याशिवाय पट्टी काढू नये, असं खोक्यावर लाल अक्षरांत छापलं होतं. शैलजाताईंनी ते वाचलं होतं. नेम कसा पाळायचा हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

आषाढी एकादशीला त्यांनी चातुर्मासाचा नेम धरला. दर वर्षी काही ना काही असायचं. कधी पानावर जेवणं, कधी एकभुक्त. या वेळी मौनभोजन. पानावर बसल्यापासून हात धुईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही.

“काही लागलं तर?” केतकीनं विचारलं.

“खुणा करीन.”

“आणि हसू आलं तर? हसण्यानं मौन मोडतं का हो?”

“तू हसवू नकोस म्हणजे झालं.”

पहिले काही दिवस केतकी मुद्दाम तिच्या साहेबांची नक्कल करून दाखवायची, आणि शैलजाताई पदर तोंडाला लावून ताटाकडे बघत बसायच्या. मग एकटीनं बोलण्याचा तिला कंटाळा आला आणि तीही गप्प जेवू लागली. दोघींच्या खुणा ठरत गेल्या. ताटाच्या कडेवर दोन बोटं टेकवली की आमटी. चिमूट दाखवली की मीठ. तळवा आडवा केला की पुरे. लोणच्याची खूण केतकीची होती. आंबट खाल्ल्यासारखा एक डोळा ती गच्च मिटायची. एवढी एक सोडून कुठल्याही खुणेनं शैलजाताईंना हसू यायचं नाही.

आषाढ संपत आला असताना एका दुपारी सौरभ इनामदार घरी आला. केतकीच्या प्रयोगशाळेतला तिचा सहकारी. उंच, जरा वाकून चालणारा. हातात डाळिंबांची पिशवी होती.

“काकू, केतकी घरी नाही हे बघूनच आलोय,” तो म्हणाला.

“तोंडावर सांगताय म्हणजे चोर नाही. बसा.”

तो खुर्चीच्या टोकावर बसला. “मी तिला लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, आईंनी आपणहून म्हटलं तरच, आणि मी त्यांच्यापुढे विषय काढणार नाही. तू पण काढायचा नाहीस. म्हणजे मी आत्ता शब्द मोडतोय.”

शैलजाताईंनी डाळिंबांची पिशवी उचलून मांडीवर घेतली. “तिची इच्छा आहे?”

“मला वाटतं, आहे. पण ती माझ्याशी तेवढं बोलत नाही. तुळशीच्या लग्नानंतर माझी बदली धारवाडला आहे. तिथं तिलाही जागा मिळेल. तुम्हीही आलात तर आम्हाला आनंदच आहे.”

“माझं मी बघीन. मी बोलते तिच्याशी.”

“ती नाही म्हणाली तर तेवढं मला कळवा. मग मी तिच्यापुढे पुन्हा हा विषय काढणार नाही. रोज एकाच खोलीत काम करतो, तिला अवघड व्हायला नको.”

“कळवीन,” शैलजाताई म्हणाल्या.

बोलायचं त्यांनी मनापासून ठरवलं होतं. पण वाक्य ओठावर येईना. मोघ्यांच्या घरात महत्त्वाचं बोलणं नेहमी जेवताना व्हायचं. निहारनं केतकीचं नाव पहिल्यांदा घेतलं ते भात कालवता कालवता. आता जेवताना तर मौन होतं. इतर वेळी केतकी घाईत असायची, नाहीतर दमलेली असायची, किंवा शैलजाताईंना तसं वाटायचं. अशात श्रावण लागला.

मग त्यांना सुचलं की आधी घरोबात बोलून बघावं. बोलण्याची सवय होईल. खेळात तशी सोय होती. आपल्याला हवा तो प्रसंग निवडता येत असे. त्यांनी रात्रीचं जेवण निवडलं.

खेळातल्या जेवणाला त्यांचा नेम ठाऊक नव्हता, की दोघींच्या खुणाही नाहीत. घर टिपलं गेलं तेव्हा वैशाख होता आणि दोघी जेवताना भरपूर बोलत होत्या. खुद्द शैलजाताईंनाही तिथं नेम आठवायचा नाही. उपासाच्या दिवशी स्वप्नात पोळी खाल्ली तर खाताना काही वाटत नाही, तसंच ते. पहिले काही दिवस त्या तिथंही हवापाण्याचं बोलून उठल्या. शेवटी एका दुपारी त्यांनी आमटीची वाटी खाली ठेवली आणि म्हटलं, “केतकी, तो सौरभ चांगला मुलगा आहे. तू लग्न कर. माझी काळजी करू नकोस.”

समोरच्या केतकीचा घास हातातच राहिला. तिचे डोळे भरले. “आई, मला कुठं जायचं नाही,” ती म्हणाली. “हे माझं घर आहे. पुन्हा असं बोलू नका. मला इथं तुमच्यापाशीच बरं वाटतं.”

शैलजाताईंनी तिला पुन्हा समजावलं. ती पुन्हा नाही म्हणाली. बोलणं लांबत गेलं. आणि मग कुठूनसा घंटेचा आवाज आला. खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात संध्याकाळची आरती चालू झाली होती.

शैलजाताई दचकल्या. चष्म्याच्या कडेनं बघितलं तर खोलीत अंधारून आलं होतं. देवापुढे दिवा लागायचा राहिला होता. लग्न होऊन आल्यापासून तिन्हीसांजेचा दिवा त्यांच्या हातून कधी चुकला नव्हता. खेळ संपून राखाडी चित्रं नुकती सुरू झाली होती. त्यांनी पट्टी ओढून काढली, हात धुतले आणि निरांजनात वात घातली.

केतकी आली. दोघी जेवायला बसल्या, मुकाट्यानं, रोजच्यासारख्या. केतकीनं ताटाच्या कडेवर दोन बोटं टेकवली, शैलजाताईंनी आमटी वाढली. आवरून दोघी झोपल्या.

मेंदूचं एक काम झोपेत चालतं. दिवसाच्या आठवणी तो लावून ठेवतो. त्या रात्री त्याच्यापुढे दोन जेवणं होती. एकात डोळे भरून आलेली सून होती, सासूचं धीर करून बोललेलं वाक्य होतं. दुसऱ्यात काहीच नव्हतं. गप्प झालेल्या जेवणात आठवणीला धरायला काही नसतं. सकाळपर्यंत पहिलं जेवण दुसऱ्याच्या जागी जाऊन बसलं.

तुळशीला पाणी घालताना शैलजाताईंना फार हलकं वाटत होतं. काल रात्री जेवताना आपण बोललो एकदाचं. पोर नाही म्हणाली. जबरदस्ती थोडीच करता येते? पूजा झाल्यावर त्यांनी सौरभला फोन लावला.

“मी बोलले तिच्याशी,” त्या म्हणाल्या. “ती नाही म्हणते हो. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. आता तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

 तो म्हणाला, “बरं झालं तुम्ही स्पष्ट सांगितलंत. थँक्यू, काकू.”

भाद्रपदात केतकी कमी बोलू लागली. गणपतीत तिनं आरास केली नाही. शैलजाताईंनी विचारलं तर म्हणाली, “काही नाही हो. कामावर एक माणूस बोलेनासा झालाय. होतं असं.” शैलजाताईंना वाटलं, स्वतःच नको म्हटलेल्या गोष्टीचंही तिला थोडं दुखत असणार. त्या तिच्यासाठी आठवणीनं अळूची वडी करू लागल्या. रात्री डोक्याला तेल लावून देऊ लागल्या. आपल्यासाठी ही मुलगी संसार सोडून बसली, या विचारानं त्यांना भरून येई. त्या देवाला म्हणत, हिला सुखी ठेव. दिवाळी आली आणि गेली.

कार्तिकी द्वादशीला सकाळी त्या कृष्णाघाटाजवळच्या देवळात जाऊन पितळी घंटा देऊन आल्या. मौनाच्या नेमाचं उद्यापन घंटा देऊन करतात. संध्याकाळी तुळशीचं लग्न होतं, म्हणून केतकीनं सुट्टी घेतली होती. दुपारी पानं वाढली. शैलजाताई बसल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, “वाढ गं थोडा भात.”

केतकी बऱ्याच दिवसांनी हसली. “काय छान वाटतं ऐकायला. चार महिन्यांनी या टेबलावर तुमचा आवाज आला.”

“तू मात्र माझी परीक्षा बघायची सोडली नाहीस.”

“मग काय. मी टपून बसले होते. दोनदा आमटीत मीठ घातलं नाही. म्हटलं, आता तरी बोलतील. तुम्ही आपली चिमूट दाखवलीत. खरं सांगू? मला वाटलं होतं एकदा तरी चुकाल. पण आषाढापासून आजपर्यंत पानावर एक अक्षर नाही बोललात. मी साक्ष देईन कुणी विचारलं तर.”

शैलजाताईंचा हात भातावर थांबला.

एक अक्षर नाही. मग श्रावणातल्या त्या रात्री आपण जेवताना बोललो ते? आमटीची वाटी खाली ठेवून? त्यांना ते लख्ख आठवत होतं. वाटीच्या कडेला लागलेलं कोथिंबिरीचं पानसुद्धा आठवत होतं. एक तर नेम मोडला होता, नाहीतर ते बोलणं झालंच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी देवाकडे मनातल्या मनात मागितलं की माझा नेम मोडलेला असू दे.

पण समोर साक्षीदार बसला होता, आणि हसत होता.

“काय झालं? तिखट झालंय का?”

“नाही,” शैलजाताई म्हणाल्या. “छान झालंय.”

दोन दिवसांनी त्या सांगलीला कंपनीच्या कचेरीत गेल्या. तिथं खेळणाऱ्यांशी बोलायला एक सल्लागार असायची, चिन्मयी नावाची तरुण मुलगी. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“त्या दिवशी उतारा पुरा केला नव्हता का, काकू?”

“दिवेलागण झाली होती.”

“पाच-सात मिनिटांचा तर प्रश्न होता.”

“दिव्याला थांब म्हणून कसं सांगू गं?”

चिन्मयीनं मान हलवली. असं कारण तिच्याकडच्या कुठल्याच यादीत नसावं. “मग ती आठवण रात्री झोपेत मुरली,” ती म्हणाली. “लोणच्यासारखं असतं हे. मुरल्यावर फोडीतून मीठ वेगळं काढता येत नाही.”

“खेळात काय बोलणं झालं ते तुमच्याकडे बघता येतं का?”

“नाही. घरातली बोलणी आम्ही ठेवतच नाही, परवानगी नाही तशी. आता खूण लावायची झाली तर तुमच्या सांगण्यावरूनच लावता येईल. तुम्ही खेळातलं म्हणालात तर खेळातलं. खरं म्हणालात तर मी काहीच करायचं नाही.”

“मला एक सांग. ती खेळातली केतकी नाही म्हणाली. मग खरी पण तेच म्हणाली असती ना?”

चिन्मयीनं थोडा विचार केला. “ती केतकी आम्ही तुमच्या घरातल्या बोलण्यावरून केलेली असते. म्हणजे तुमच्यासमोर त्या जेवढं बोलतात, तेवढ्यावरून. तुमच्यामागे त्या काय बोलतात, एकट्या असताना काय मनात आणतात, ते तिच्यात नसतं. तिला विचारणं म्हणजे...” ती अडखळली.

“सांग की.”

“म्हणजे तुम्ही तुमच्या माहितीलाच विचारल्यासारखं झालं.”

शैलजाताईंनी पर्स मांडीवर घेतली, पण उठल्या नाहीत.

“हे कुणाला कळणार नाही, काकू,” चिन्मयी हलकेच म्हणाली. “तुम्ही ती आठवण तशीच ठेवलीत तरी. पुष्कळजण ठेवतात.”

घरी येताना बसमध्ये त्या तेच घोळवत होत्या. कुणाला कळणार नव्हतं. सौरभ आता गेलाच असेल. केतकी हळूहळू सावरेल, पहिल्यासारखी बोलू लागेल. अळूच्या वड्या होतील, पोथी होईल, दोघींचं म्हातारपण एकमेकींच्या सोबतीनं जाईल. यातलं काहीच वाईट नव्हतं. फक्त यात केतकीला कुणी विचारलेलं नव्हतं.

केतकी गॅलरीत तुळशीपाशी होती. लग्नासाठी बांधलेला ऊस अजून सोडायचा होता.

“केतकी, सौरभ गेला का धारवाडला?”

तिनं वळून बघितलं. हे नाव घरात कधी निघालं नव्हतं. “काल गेला. सगळ्यांना पेढे दिले. मला देताना वर बघितलं नाही. तुम्हाला कसा माहीत?”

शैलजाताईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. डाळिंबांची पिशवी, घरोबातलं जेवण, सकाळचा फोन. काही वगळलं नाही आणि स्वतःची बाजूही मांडली नाही. केतकी उसाच्या गाठीवर हात ठेवून ऐकत राहिली.

“म्हणजे तुम्ही मला विचारलंत असं तुम्हाला वाटलं,” शेवटी ती म्हणाली. “मी नाही म्हणाले असंही तुम्हाला वाटलं. मग मी कुठं होते, आई, या सगळ्यात?”

शैलजाताईंनी गॅलरीच्या कठड्याला हात टेकला.

“तो माझ्याशी बोलेना तेव्हा मला वाटलं, माझंच काही चुकलं. तीन महिने मी काय चुकलं ते शोधत होते. तुम्ही माझ्या डोक्याला तेल लावत होतात.”

“हो.”

“एक खरं सांगा. ती नाही म्हणाली तेव्हा तुम्हाला बरं वाटलं?”

खोटं बोलायला ही शेवटची जागा होती. “वाटलं,” शैलजाताई म्हणाल्या. मग जे श्रावणात म्हणायचं होतं ते म्हणाल्या. “तुझ्या मनात असेल तर तू लग्न कर. हे मी आता तुला म्हणतेय. कपाळाला काही लावलेलं नाही.”

केतकीचे डोळे भरले नाहीत. ती मिठीत आली नाही. तिनं उसाची गाठ सोडली, कांडं भिंतीला टेकवून ठेवलं आणि आत जाऊन खोलीचं दार लावून घेतलं. ही केतकी शैलजाताईंनी कधीच पाहिली नव्हती.

दोन दिवस ती कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी सकाळी खांद्याला पिशवी अडकवून म्हणाली, “धारवाडला जाऊन येते.”

लग्न मार्गशीर्षात नोंदणी पद्धतीनं झालं. शैलजाताई गेल्या होत्या. सौरभ पाया पडला तेव्हा त्याच्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला. तो श्रावणातल्या फोनबद्दल काही बोलला नाही. त्याला त्यांच्याविषयी काय वाटत होतं ते त्यांना कळलं नाही, आणि त्यांनी अंदाजही केला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी केतकीनं कपाट आवरलं. घरोबाची पट्टी तिच्या हाताला लागली. ती शैलजाताईंना वाटलं होतं तशी रागावली नाही.

“मी परवानगी काढून घेणार होते,” ती म्हणाली. “मग म्हटलं, राहू दे. दुपारी सोबत होईल तुम्हाला. पण तिला माझ्याबद्दल काही विचारू नका.”

“नाही विचारणार.”

हिवाळाभर शैलजाताईंनी अधूनमधून पट्टी लावली. उतारा दर वेळी पुरा केला. दिव्याच्या वेळेच्या कितीतरी आधी त्या खेळ आवरत्या घेत. तरीही एक धास्ती मनात राहिली होती. एकदा चुकलेला माणूस पुन्हा चुकू शकतो. म्हणून संक्रांतीला त्यांनी मौनभोजन पुन्हा धरलं, आणि या वेळी चातुर्मासापुरतं नाही, कायमचं. अशा नेमाला उद्यापन नसतं, त्यामुळे घंटाही द्यायची नव्हती. याचा उपयोग साधा होता. जेवताना झालेलं कुठलंही बोलणं आठवलं, की समजायचं ते घडलेलं नाही. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. एकटं जेवणारा माणूस गप्प जेवतो याचं नवल कुणाला वाटणार?

वैशाखात केतकी आली. न कळवता, भर दुपारी, हातात धारवाडी पेढ्यांचा पुडा. जरा भरल्यासारखी दिसत होती. आल्या आल्या तिनं शैलजाताईंना मिठी मारली.

“किती आठवण येते हो तुमची. तिकडं सगळं आहे, पण तुमच्या हातची आमटी नाही. कधी कधी वाटतं, इथंच येऊन राहावं.”

शैलजाताई एक पाऊल मागे सरल्या. इतकं गोड बोलणारी केतकी त्यांना एकाच ठिकाणी भेटत असे. त्यांचा हात आपोआप कपाळाकडे गेला. कपाळाला काही नव्हतं. पण खेळातही हाताला पट्टी कधी लागायची नाही. आज सकाळी कपाट उघडलं होतं का? उघडलं होतं, पण साडी काढायला की कशाला, ते त्यांना आठवेना.

“काय बघताय अशा? बारीक झालात तुम्ही. चला, मला भूक लागलीय.”

त्यांनी दोन पानं वाढली. भात, आमटी, कैरीचं नवं लोणचं बरणीतच होतं. केतकी आपल्या जुन्या जागी बसली. शैलजाताईंनी हात जोडले आणि जेवायला सुरुवात केली.

“सौरभला म्हटलं, तूही चल,” केतकी बोलत होती, “तर म्हणतो, पुढच्या वेळी. तुम्हाला म्हणून सांगते, आई, त्याला अजून थोडं...”

शैलजाताईंनी मान वर केली नाही. घरोबातली केतकी इथून पुढे बोलतच राहायची. उत्तर मिळो न मिळो, ती बोलायची, तिला तेवढंच येत होतं. शैलजाताई घास घेत राहिल्या आणि वाट बघत राहिल्या.

केतकी मध्येच थांबली. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं. चातुर्मास तर अजून लांब होता. काहीतरी विचारायला तिनं तोंड उघडलं, आणि मग विचारलं नाही.

भिंतीवरच्या पंख्याचा तेवढा आवाज येत होता. दोघी जेवत होत्या. बराच वेळ गेला.

मग केतकीनं आंबट खाल्ल्यासारखा एक डोळा गच्च मिटला.

शैलजाताईंनी लोणच्याची बरणी तिच्याकडे सरकवली.